मागची खोली आणि नियम सातवा

ही हकिकत शंभर टक्के खरी आहे. हवं तर डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो (केस उरलेले नाहीत, त्यामुळे शपथ मध्ये कुठे अडकत नाही). यात एक अक्षर पदरचं नाही. सासूबाईंचं बोलणं तेवढं थोडं बदललंय, कारण जसंच्या तसं लिहिलं तर मला घरात राहायचंय. आकडे अंदाजे आहेत. वारही एखाद-दुसरा इकडचा तिकडे झाला असेल. पण एवढं वजा करून जे उरतं, ते निखळ खरं.

मी रेकॉर्डकीपर. ऑफिसच्या तळघरात जुन्या फायलींचे गठ्ठे सांभाळायचे, कोणी मागितलं तर काढून द्यायचे आणि मुदत संपली की रीतसर नष्ट करायचे. सव्वीस वर्षं हेच करतोय. घर ऑफिसपासून चालत चार मिनिटांवर. त्यामुळे दुपारी घरी यायचं, जेवायचं आणि अर्धा तास डुलकी काढून परत जायचं, हा माझा नेम. माझ्याबरोबर लागलेले लोक बदल्या, बढत्या घेऊन कुठल्या कुठे गेले. मी दोनदा बढती नाकारली, कारण ते ऑफिस घरापासून बसने चाळीस मिनिटांवर होतं. बढती काय, पुन्हा मिळते. (मिळाली नाही, पण ते जाऊ द्या.)

ही डुलकी मी काढायचो मागच्या खोलीत. घरात बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि ही मागची. घरातली नको असलेली प्रत्येक वस्तू शेवटी याच खोलीत येऊन पडते. त्या ढिगाऱ्याच्या मधोमध माझी आरामखुर्ची. चारी बाजूंनी सामान, आवाज म्हणून आत येत नाही. अशी झोप राजालाही लागत नसेल.

तर एका रविवारी बायको म्हणाली, “अहो, मी एक घर बघून आले.”

बायको शाळेत गणित शिकवते. ती नुसतं काही बघून येत नाही, हिशोब करूनच येते.

“कुणाचं घर?”

“आपलं. म्हणजे घेतलं तर. पोरगी स्वयंपाकघरात ओट्याला वह्या टेकवून उभ्याने अभ्यास करतेय. परीक्षा चार महिन्यांवर आली. तिला एक खोली हवी. या घरात एक खोली जास्त आहे. भाडं दीडपट, आणि तुमच्या ऑफिसला एक बस बदलून जावं लागेल. पुढच्या रविवारी मालकाला कळवायचंय.”

एक बस बदलून! म्हणजे दुपारी घरी येणं बंद. झोप बंद. माझ्या हातातला चहा तिथेच थिजला (चहा थिजत नाही हे मला माहीत आहे, मी तेव्हाची परिस्थिती सांगतोय).

“खोली आहे की आपल्याकडे!” मी म्हणालो. “मागची. रविवारच्या आत रिकामी करून देतो.”

“कोण? तुम्ही?” आतून सासूबाई म्हणाल्या. “जावईबापू, तुमच्याने खिसा रिकामा होत नाही. परवा तुमच्या शर्टात गेल्या वर्षीचं बसचं तिकीट निघालं.”

“खिशाचं सोडा. सामानाची छाननी हा माझा धंदा आहे.”

पाहा, इथेच थांबायला हवं होतं. दोन गडी बोलावून ढिगारा उपसला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण हातात कला असली की माणसाला गप्प बसवत नाही. सोमवारी मी ऑफिसातून एक कोरं रजिस्टर आणलं (विचारून आणलं, म्हणजे स्वतःलाच विचारलं, रजिस्टरं माझ्याच ताब्यात असतात) आणि संध्याकाळी सहाला घरच्यांची सभा भरवली.

“आमच्याकडे कुठलाही कागद एकट्याच्या मर्जीने नष्ट होत नाही,” मी समजावलं. “तीन जणांची समिती असते. प्रत्येक वस्तूला नंबर पडेल. मग समिती ठरवेल, कायम ठेवायची, पाच वर्षं ठेवायची, की बाद. बादसाठी तिघांच्या सह्या लागतात. तुम्ही तिघी समिती.”

“आणि बाबा, तुम्ही?” मुलीने विचारलं.

“मला मत नाही. नियम सातवा. जो सांभाळतो, त्याला नष्ट करण्याबद्दल बोलायचा अधिकार नाही. नाहीतर तो मायेपोटी काहीच टाकू देणार नाही, किंवा काम वाचवायला सगळंच टाकून देईल. फार विचारपूर्वक केलेला नियम आहे.”

“छान आहे हो नियम,” सासूबाई म्हणाल्या. इतक्या मायेने त्या माझ्याशी लग्नातही बोलल्या नव्हत्या.

पहिल्या संध्याकाळी समितीने त्रेसष्ट वस्तू तपासल्या. क्रमांक चौदा, एका कानाची कढई.

“ही राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरा कान कुठेतरी असेल.”

“आई, तो वीस वर्षांपूर्वी तुटला.”

“मग आता तो कुठे जाणार आहे पळून? सापडेल.”

शेरा: कायम. क्रमांक बावीस, डब्यांची झाकणं, नग एकतीस. डबे सहा.

“पंचवीस झाकणं जास्त आहेत,” मी सुचवलं.

“झाकणं जास्त नाहीत, डबे कमी आहेत,” गणिताच्या बाईंनी सांगितलं. कायम. क्रमांक एकेचाळीस नोंदवत असतानाच पळाला. ती पाल होती. रात्री जेवायच्या आधी हिशोब लागला तो असा: बासष्ट कायम, एक फरार.

मंगळवारी सासूबाईंनी वेगळीच सूचना मांडली. “खिडकीकडच्या बाजूने सुरू करू या का? तिकडे जावईबापूंच्या वस्तू आहेत.”

आणि समितीला एकदम हुरूप आला. तिघींचे पेन असे चालायला लागले की मला नोंदी पुऱ्या होईनात. कापून ठेवलेली शब्दकोडी, एकोणीस वर्षांची, अर्धवट सुटलेली: बाद. रेडिओ, आणि त्याच्या पोटातला माल वेगळ्या डब्यात: बाद. जाग्यावर पळायचं व्यायामाचं यंत्र, ज्यावर मी एकूण दोनदा पळालो (दुसऱ्यांदा उतरण्यासाठी): बाद.

“एक मिनिट, त्या रेडिओचा फक्त एक तार...”

“नियम सात, बाबा,” मुलगी म्हणाली. मान वर न करता.

बुधवारी एका खोक्यातून स्क्रू ड्रायव्हर निघाले. नग अकरा. त्याखाली मोजायचे टेप, नग नऊ. सेलोटेपची रिळं सतरा, त्यातल्या बाराचं टोक कधीच कोणाला सापडलेलं नाही. बल्ब, बॅटऱ्या, कुलपं, किल्ल्या. बायकोने स्क्रू ड्रायव्हर पुन्हा एकदा मोजले.

“अहो, अकरा कशाला घेतलेत?”

“अकरा कुठे? एकच घेतला. तो सापडला नाही म्हणून दुसरा.”

“आणि दुसरा?”

“पहिल्याजवळ ठेवला असेल.”

तिने रजिस्टरच्या मागच्या पानावर बेरीज केली. मग म्हणाली, “सापडत नाही म्हणून आपण जे पुन्हापुन्हा आणलं, त्यात त्या नव्या घराचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं.”

“बघा!” मी छाती फुगवली. “म्हणजे मी बचत शोधून काढली.”

“खर्च कोणी केला होता?” सासूबाई.

मुलीने एक स्क्रू ड्रायव्हर, एक टेप, एक रीळ अशी एकेक वस्तू बाजूला काढली, एका कप्प्यात लावली आणि कप्प्यावर यादी चिकटवली. बाकीचं शेजारपाजारी वाटून टाकलं. त्या दिवसापासून आजतागायत घरात एक वस्तू दोनदा आलेली नाही, आणि ही गोष्ट मी सासूबाईंसमोरही शपथेवर सांगू शकतो.

कायम ठेवलेलं सामान स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढत होतं आणि बाद सामान बाल्कनीत जात होतं. मी रोज दुपारी घरी यायचो, जेवायचो आणि मागच्या खोलीत माझ्या खुर्चीत झोपायचो. बुधवारी जरा उजेड जास्त वाटला. गुरुवारी माझ्याच घोरण्याचा प्रतिध्वनी यायला लागला, त्याने मला जाग आली. तरी म्हटलं, वा, काय सुरेख रिकामी होतेय खोली!

आता तुम्ही हुशार वाचक, तुमच्या लक्षात केव्हाच आलं असेल. माझ्या शुक्रवारी आलं.

“क्रमांक एकशे बारा,” मुलीने वाचलं. “आरामखुर्ची. कापड फाटकं, डावा हात नाही. ही शेवटची वस्तू.”

“थांबा,” मी म्हणालो.

“मी हिच्यात कधी बसले नाही,” बायको म्हणाली.

“मी पण नाही.”

“मी एकदा बसले होते,” सासूबाई म्हणाल्या. “या दोघींनी ओढून काढली मला.”

“अगं, पण ही गेली तर मी झोपायचं कुठे?”

बायकोने पेनाला टोपण लावलं. फळ्याजवळ उभ्या राहिलेल्या ढ मुलाशी बोलावं तसं ती हळू बोलायला लागली. “अहो, ही खोली रिकामी कशासाठी करताय?”

“इथेच राहता यावं म्हणून.”

“इथेच का राहायचं?”

“दुपारी घरी येऊन झोपता यावं म्हणून.”

“कुठे झोपता?”

“मागच्या...”

गणिताच्या बाईशी संसार करण्यात हाच त्रास. ती उत्तर सांगत नाही. आपल्याच तोंडून काढून घेते.

मी रजिस्टर हातात धरून उभा. सव्वीस वर्षांची झोप, दोन बढत्यांच्या बदल्यात घेतलेली, आणि मीच तिच्यावर नंबर टाकत बसलो होतो. तेवढ्यात मुलगी तो उरलेला एकुलता एक टेप घेऊन भिंतीशी बसली. माप घेऊन म्हणाली, “बाबा, टेबल इथे बसतंय! इथे ठेवलं ना, तर उजेड बरोबर डावीकडून येतो. लिहिताना हाताची सावली पडणार नाही.” एवढं बोलून तिने तिथे जमिनीवरच मांडी घातली आणि हवेत वही धरून लिहून दाखवलं. इतके महिने ओट्यापाशी उभी होती पोरगी, एका शब्दाने बोलली नव्हती.

मग काय. खुर्ची मीच उचलून बाल्कनीत नेली. उचलताना उजवा हातही निखळला. सह्या नंतर झाल्या, रीतसर.

शनिवारी भंगारवाला आला. मी त्याला यादी दिली, त्याने ती उलटी धरून वाचली. मग एकेक वस्तू बघत बघत व्यायामाच्या यंत्रापाशी थांबला.

“काका, हे मी नेणार नाही.”

“का?”

“हे आठ वर्षांपूर्वी मीच तुम्हाला विकलं होतं. तेव्हाही चालत नव्हतं.”

“तेव्हा तू बोलला नाहीस!”

“तुम्ही विचारलं नाहीत.” मग शब्दकोड्यांचा गठ्ठा त्याने चाळला. “एवढं कोडं सुटलं नाही काका तुम्हाला? ‘घरात राहून घराबाहेर’, चार अक्षरी.”

“तुला येतंय का?”

“नाही. पण मी एकोणीस वर्षं जपून नाही ठेवलं.”

शेवटी त्याने यंत्रही नेलं, पण नेण्याची हमाली माझ्याकडून घेतली. जे पैसे आले होते ते त्यात गेले.

रविवारी सकाळी टेबल लागलं, दिवा लागला, मुलीने दार लावून घेतलं. मी बायकोला म्हटलं, “आता मालकाला नाही म्हणून कळव.”

“कुठल्या मालकाला?”

“त्या घराच्या!”

“ते घर होय? ते मंगळवारीच दुसऱ्याने घेतलं.”

“मंगळवारी? मग मला सांगितलं का नाहीस?”

“तेव्हा क्रमांक सत्तर चालू होता,” ती म्हणाली. “एवढं रीतसर काम मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं.” आणि इतकी हसली की सासूबाई काय झालं ते बघायला बाहेर आल्या, आणि न कळताच त्याही हसायला लागल्या. मी रागवायचं ठरवलं होतं. पण कित्येक वर्षांनी घरात वारा खेळत होता, भाडं होतं तेवढंच राहिलं होतं आणि तिघी हसत होत्या (तिसरी दाराआडून). अशा वेळी रागवायला फार निर्धार लागतो.

दुपारच्या झोपेचं म्हणाल तर, आतल्या खोलीत त्या वेळी सासूबाई झोपतात, आणि बाहेरच्या खोलीत त्यांचं घोरणं येतं. मागच्या खोलीचं दार बंद असतं. म्हणून मी हल्ली जेवतो आणि थेट ऑफिसात परत जातो.

आता कबूल करायला हरकत नाही. या हकिकतीत मी एकच गोष्ट रचली आहे. वर मी ‘अर्धा तास डुलकी’ असं लिहिलं. तो अर्धा तास नव्हता. सव्वादोनला डोळा लागायचा आणि जाग यायची ती एकदम ऑफिस सुटायच्या वेळेला. हजेरीच्या सहीपुरता मी धावत जायचो.

त्यामुळे सोमवारी अडीच वाजता मी तळघरात माझ्या टेबलाशी बसलो होतो, तेव्हा साहेब काही कामासाठी खाली आले. मला बघून दचकलेच.

“तुम्ही? इथे काय करताय?”

“साहेब, मी रेकॉर्डकीपर.”

“ते मला माहीत आहे हो,” साहेब म्हणाले. “पण आत्ता कोणी रेकॉर्ड मागायला आलं तर? सगळ्यांना सांगून ठेवलंय, दुपारी तळघरात कोणी नसतं, आपलं आपण काढून घ्या. इतकं सुरळीत चाललंय सगळं. तुम्ही असा गोंधळ नका घालू. घरी जा, झोपा.”