दिगंबरपंतांची पश्चिम-मोहीम, म्हणजे गच्चीवरील छत्री फिरविल्याची हकीकत

श्रीगगनविहारी प्रसन्न. ज्याचे कृपेने चित्रे वाऱ्यावरोन घरात येतात आणि ज्याची अवकृपा होता पडद्यावर मुंग्या धावतात, त्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वर गच्ची एवढ्या मुलुखाचे धनी श्रीमंत दिगंबरपंत, पाणीपुरवठ्याकडील निवृत्त ओव्हरसियर, यांणी पश्चिमेवर मोहीम मांडिली, तिचे वर्तमान ऐसे जे. श्रीमंतांची धाकटी बहीण नलूबाई अकरा वर्षांमागे दूर समुद्रातील बेटावरच्या गृहस्थाशी आपले मर्जीने लग्न करोन तिकडे गेली, आणि आपणांस न पुसता केले म्हणोन श्रीमंत रुसले, आणि लग्नास गेले नाहीत, आणि तिचा फोन आला तर "आईला देतो" याहोन अधिक बोलत नसत. मग बेटाहोन वर्तमान आले की त्रयोदशीस दुपारी चार वाजता नलूबाई तेथील टीव्हीवर ओव्या गाणार. मातुश्री सत्यभामाबाई, वय वर्षे एक्याऐंशी, यांजकडे लेकीचे फोटो येत, परंतु फोटो हलत नाही आणि बोलत नाही, हे त्यांचे दुःख. त्या म्हणाल्या, "दिगू, एकदा हिंडताना-बोलताना पाहू दे रे तिला. माझं आता काय, आज आहे उद्या नाही." श्रीमंत म्हणाले, "तुझ्यासाठी करतो. मला काही हौस नाही." हे ते तीन वेळा म्हणाले, आणि कोणी विचारिले नव्हते.

गच्चीवर श्रीमंतांची मोटारवाली छत्री होती. रिमोटचे बटण दाबिता ती घुर्र आवाज करोन पूर्वेकडोन पश्चिमेकडे आपली आपण फिरे आणि एकेका उपग्रहासमोर जावोन थांबे. आळीत ऐसी दुसरी नव्हती, याचा श्रीमंतांस बहुत अभिमान. मग पंचांग पाहोन मुहूर्त धरिला, आणि मातुश्री रिमोट घेवोन पडद्यापुढे बसल्या, आणि वर खासा स्वारी पाना घेवोन उभी राहिली. छत्री समोर दक्षिणेस होती तोवर सर्व चॅनेले आरशासारखी दिसत. ती पश्चिमेस वळो लागली तो एकेक ठाणे पडत गेले, आणि बेटाचा उपग्रह जेथे असावा तेथे अंधार. श्रीमंतांनी छत्री वर केली, खाली केली, तारा बदलिल्या, आणि कावळ्यांवर संशय घेतला. चौथे दिवशी एकाएकी सिग्नलची पट्टी काठोकाठ भरली. "फत्ते!" ऐसी आरोळी जाहली, आणि पेढे आणविले, आणि शेजारी जमले. पडद्यावर एक गोरा गृहस्थ कढई दाखवीत होता आणि ती दाखविणे थांबवीना. मातुश्रींनी पाऊण तास पाहिले आणि पुसिले, "नलूच्या नवऱ्याचा कढयांचा धंदा आहे का रे?" तेव्हा कळले की स्वारी भलत्याच उपग्रहात शिरली होती. पेढे मात्र संपले होते.

त्रयोदशी उजाडली, आणि श्रीमंतांचा निरुपाय होवोन त्यांणी मुनीर मेस्तरी यांस बोलाविले. मुनीर छत्र्या बसवावयाचे काम वीस वर्षे करीत आला. त्याणे छत्रीस हातही लाविला नाही. म्हणाला, "साहेब, मधले दिसतात आणि कडेचे जातात, म्हणजे डिश चांगली आहे. खांब वाकडा आहे." श्रीमंत संतापले. "तीस वर्षं सरकारी नळ सरळ बसवले मी! माझा खांब वाकडा?" मुनीरने खिशातोन ओळंबा काढिला आणि सोडिला. दोरी माथ्याशी खांबास टेकली आणि बुडाशी दोन बोटे दूर राहिली. "इथं दोन बोटं, साहेब. वर आभाळात किती होतात, तुम्हीच हिशेब करा."

मग श्रीमंतांस पाडवा आठवला. आळीत सर्वांत उंच गुढी आपली असावी म्हणोन त्यांणी ती याच खांबास बांधिली होती, आणि गुढी रस्त्याकडे किंचित कलती असावी हा रिवाज, म्हणोन बोल्ट सैल करोन खांबासच कलविले होते. आळीने वाखाणिले. सायंकाळी गुढी उतरवोन खांब नजरेने सरळ केला, आणि नजर श्रीमंतांची, तेव्हा तपासण्याचे कारण पडले नाही. हे ते मुनीरपाशी बोलिले नाहीत. "वाऱ्यानं झालं असेल," म्हणाले.

साडेतीन वाजता खांब ओळंब्यात आला, आणि आवळू जाता बोल्टाचे आटे गेले. बाजार दुपारचा बंद, साडेचारांवाचोन दुकान उघडणार नाही. सुतळीने बांधिला तो पुन्हा कलला. मुनीर म्हणाला, "जोर नको, साहेब, नुसता हात ठेवून उभे राहा," आणि दुकानदारास घरून उठवावयास गेला. मग श्रीमंत चैत्राचे उन्हात, नाकासमोर ओळंबा, ऐसे खांब धरोन उभे राहिले. चार वाजले. खालोन मातुश्री ओरडल्या, "आली! दिगू, आली! हलू नको!" आणि जिन्यातोन गाणे वर येवो लागले, आणि आवाज नलूचा होता. श्रीमंत हलले नाहीत.

थोडका वेळ गेला, तो जिन्यात काठी वाजली. चार वर्षे गच्ची न चढलेल्या मातुश्री बावीस पायऱ्या चढोन वर आल्या होत्या. "सरक. मी धरते."

"अगं आई, कार्यक्रम चाललाय! आणि तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. पाहिली मी. आईबापाच्या ओव्या झाल्या, आता भावाच्या येतील. जा."

"मला काही..."

"हौस नाही. माहीत आहे. जा म्हणते ना!"

श्रीमंत खाली गेले. मातुश्रींचे हात कापत, तेणेकरोन चित्रही कापत होते, परंतु गेले नाही.

पाच वाजता मुनीर नवा बोल्ट घेवोन आला, तो गच्चीवर मातुश्री एकट्या, खांब धरोन. म्हणाला, "आजी, सोडा आता. कार्यक्रम केव्हाच संपला असेल."

मातुश्री म्हणाल्या, "संपला असेल. पण तो अजून वर आला नाही."

येणेप्रमाणे पश्चिम-मोहीम. मुलूख बोटभर वाढला नाही, बोल्ट एक निकामी, जखमी कोणी नाही. श्रीमंत सांगतात की सर्व मातुश्रींकरिता केले, आणि आम्ही तैसेच लिहिले आहे.