गायकवाड सरांचा भुंगेरा

आमच्या वरच्या मजल्यावरचे गायकवाड सर झाडांना दारू पाजायचे. पाजायचे म्हणजे क्वार्टरची उघडी बाटली फांदीला टांगून ठेवायचे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा माणूस, स्वतः तोंडाला थेंब लावणार नाही. पण आमच्या डोंबिवलीत मानपाड्याचा दारूवाला त्यांना पक्कं गिऱ्हाईक म्हणून नमस्कार करायचा.

हे सगळं तिळाएवढ्या एका भुंगेऱ्यासाठी. सर मला जिन्यातच गाठायचे. "वहिनी, मरायला टेकलेलं झाड आतून आंबतं. त्या दारूसारख्या वासावर मादी येते." गॅसवर दूध ठेवून आलेय म्हटलं तरी सुटका नाही. "खोडात बोगदा पोखरते, पण लाकूड खात नाही हं. आत बुरशीची शेती करते, पोरांना तीच भरवते." "माझ्या स्वयंपाकाचं एवढं कौतुक झालं नाही कधी," असं त्यांच्या पत्नी सुमनताई हसून म्हणायच्या. त्या वारल्या आणि ऐकायला मीच उरले.

भुंगेरा कुठे कुठे सापडतो याचा नकाशा त्यांच्या स्वयंपाकघरात होता. विठ्ठलवाडीच्या लाकडाच्या वखारीपासून खोपटच्या डेपोमागच्या शिरीषापर्यंत टाचण्याच टाचण्या. सुट्टी आली की सर निघाले. कुणाच्या झाडातून भुश्शाची बारीक शेवई बाहेर आलेली दिसली, की थेट बेल वाजवायची. "भुंगेरा निरोगी झाडाच्या वाटेला जात नाही. तुमचं झाड गेलं. करवतवाला बोलवा." पेढे वाटावेत तशा आनंदात सांगायचे. लोक चिडायचे, सर चहा पिऊनच उठायचे.

त्या वर्षी आमच्या आवारातला आंबा मोहरला नाही. सुमनताई इथे राहायला आल्या तेव्हा त्यांनीच लावलेला. सोसायटीत तोडायची भाषा सुरू झाली. सेक्रेटरी म्हणाले, "सर म्हणतील ते."

"ठणठणीत आहे," सर म्हणाले. विषय मिटला.

एका सकाळी मी दूध घेऊन येत होते. सर आंब्यापाशी उकिडवे बसलेले, हातात दाढीचा ब्रश. खोडावरच्या शेवया हलक्या हातानं झाडून रुमालात घेत होते. मला बघताच रुमाल खिशात.

"सर, निरोगी झाडाच्या वाटेला..."

"जात नाही. हा चुकलेला आहे," ते खाली बघत म्हणाले. "एखादा चुकतो, वहिनी."

अख्ख्या डोंबिवलीला तोंडावर सांगणारा हा माणूस.

"चुकला असेल," मी म्हणाले.

खोडाच्या पलीकडच्या अंगालाही शेवया होत्या, त्यांच्या नजरेतून सुटलेल्या. दुधाच्या पिशव्या खाली ठेवून मी त्या पदरानं पुसून टाकल्या.