आधी हाळी, मग माणूस

मी लिहावं की नाही, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिथंही सर सांगतात तेवढंच लिहितो. चुकलं तर माफ करा. पण मारुतीआण्णांबद्दल आमच्या गल्लीत जे बोललं गेलं, त्यात माझाही वाटा होता, म्हणून लिहितोय.

आण्णांच्या घरी जायचं तर कोपऱ्यापासून ओरडत जावं लागतं. "आण्णा, मी येतोय! खांबापाशी आलो! आता पायरीवर!" पोस्टमन ओरडतो, गॅसवाला ओरडतो. नवीन माणसाला वाटतं, भांडण लागलंय. मांजराच्या गळ्यात घुंगरू आहे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी काकू आतून सांगतात, "येतीय हं!" आण्णांचा नियमच आहे, "आदी हाळी, मग मानूस!"

हाळी न देता आवाज झाला की आण्णा उभ्या उभ्या ताठ होतात आणि लाकडाच्या ओंडक्यासारखे पडतात. हातसुद्धा पुढे करत नाहीत. कपाळावर टाक्यांच्या तीन खुणा आहेत. मग उठतात, कपडे झटकतात आणि शेजारणीला विचारतात, "भांडी घासताय का फोडताय वं?"

आणि हाच माणूस कुपवाडला कारखान्यात प्रेस मशीन चालवतो. दिवसभर धाडधाड, पण पापणी हलत नाही. त्यामुळं गल्लीनं, माझ्यासकट, निकाल लावलेला होता. "पगाराच्या आवाजाला भीत न्हाई, फुकटच्या आवाजाला बरा पडतोय गडी!"

उपाय सांगणारेही कमी नव्हते. एकानं लिंबू उतरवलं. एकानं जिम लावायला सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांनी तर स्वतःच्या वाढदिवसाला आण्णांच्या दारातच फटाक्यांची माळ लावली, "सवय व्हायला पायजे," म्हणून. चौथी खूण त्या दिवशी पडली, ती हनुवटीला.

मुलीच्या, सुनीताच्या लग्नात आण्णांनी बँड आणू दिला नाही. शिराळ्याच्या व्याह्यांनी कंजूष म्हणून नाव ठेवलं. आण्णा म्हणाले, "व्हय, हाय मी कंजूष." मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. कारण जेवणात दोन गोड पदार्थ होते.

यंदा सरांनी वर्गात ग्लायसीन रिसेप्टर सांगायला घेतला. "पाच मार्काला येतो. समजत बसू नका, उतरवून घ्या." मी चुकून समजून घेतलं. अंगाला 'हल' सांगणारे निरोप असतात, तसे 'थांब' सांगणारेही असतात. ग्लायसीन हा मज्जारज्जूतला आणि मेंदूच्या बुडाशी असलेला 'थांब'चा निरोप्या. तो ज्या दारावर येतो तो रिसेप्टर. काही घराण्यांत हे दारच जन्मापासून नीट उघडत नाही. मग एक ताट पडलं तरी दचका सगळ्या अंगात पसरतो, माणूस पूर्ण शुद्धीत राहून ताठ होतो. स्वतः केलेल्या आवाजाची मेंदूला आधीच खबर असते, म्हणून तो बाधत नाही. मला प्रेस मशीन आठवली आणि मी वही घेऊन धावत सुटलो.

कोपऱ्यापासून ओरडायचा नियम होताच. मी ओरडलो, "आण्णा, मी येतोय! तुमचा रोग सापडला! खांबापाशी आलो! आनुवंशिक आहे! पायरीवर आलो!"

आण्णांनी मला कॉलर धरून आत ओढलं आणि दार लावलं.

"गप रं डाक्टर! लय शिकलास?"

"आण्णा, याला गोळी आहे..."

"वीस वर्सं खातोय ती." त्यांनी कपाटातनं एक फाईल काढली. वरच मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी होती. रोगाचं नाव माझ्या वहीतलंच. रोजची अर्धी गोळी गाबा नावाच्या दुसऱ्या दाराकडून थोडा 'थांब' पुरवत होती, म्हणून निदान पडणं कमी होतं.

"मग लोकांना सांगत का नाही?"

"मला भित्रा म्हनले तर मी एकटा भित्रा. रोग म्हनले तर सुनी पन आली की त्यात. तिलाबी थोडं हाय. कोन करून घेनार हुतं तिला?" ते माझ्या वहीकडं बघत राहिले. "आता सातवा हाय तिला."

मी वही मिटली. बाहेर गल्लीनं सगळं ऐकलं होतं. सुदैवानं 'आनुवंशिक' हा शब्द कुणाला कळला नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण सासरच्यांनी पाठवलं नाही. "ताट पडलं की बाप पडतोय, तितं बाळाला कोन बघनार?" मुलगी झाली ती शिराळ्यातच.

बाळ आठ दिवसांचं असताना रविवारी मी आण्णांकडं बसलो होतो. फोन वाजला. आण्णांचा फोन नुसता थरथरतो. विहीणबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आवं, पोर ताठ झालंया! पानी घालताना! निळं पडाय लागलंय!"

आण्णांनी फोन दोन्ही हातांनी धरला. एवढ्या वर्षांचं लपवलेलं त्या एका क्षणात त्यांच्या तोंडावर आलेलं मला दिसलं.

"विहीनबाई, आयका. डोकं आन पाय, दोनी पोटाकडं दुमडा. गाठोडं करा. घट न्हाई, पन सोडू नका. माजी आय मला तसंच धरायची. हे आमच्या घरातलं हाय, सुनीचा दोस न्हाई, माज्याकडनं आलंय! तसंच धरून दवाखान्यात न्या, डाक्टरला माजं सांगा!"

फोन बंद झाला. नंतर तिकडं कुणी उचलेना. काकू देवापुढं बसल्या. आण्णा पायरीवर. मी फाईलचे फोटो जावयांना पाठवले. तेही कुणी पाहिले नाहीत. दुपारभर आण्णा एकच बोलले, "परत पाठवत्याल पोरीला."

दिवेलागणीच्या आधी जावयांचा फोन आला. आण्णांनी तो माझ्या हातात दिला, मी कानाला लावला आणि ऐकलं तसं सांगत गेलो. बाळ दुमडल्यावर सैल पडलं, श्वास घ्यायला लागलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय, फोटो बघून औषध सुरू केलंय. दूध पिऊन झोपलीय. आणि त्यांची आई, म्हणजे विहीणबाई, विचारतीय, मामा, तुम्ही राहायला कधी येताय, तिला ते धरायचं नीट शिकायचंय.