टोचलेली संत्री

इन्सुलिन आणि सिरिंजा घेऊन विमानात कसं बसायचं, हे मला कुणीही विचारावं! औषध हातातल्या बॅगेत ठेवायचं, कारण मोठ्या सामानाबरोबर खाली गेलं तर ते गोठतं. थंड पिशवी हवी, सुया कोऱ्या वेष्टनात हव्यात, डॉक्टरांचं पत्र सगळ्यात वर हवं. आणि तपासणीला पोचताच, कुणी विचारायच्या आत, आपणच सांगून मोकळं व्हायचं. मी यातलं सगळं केलं होतं. आईला घेऊन निघाले ती एखाद्या सेनापतीच्या थाटात.

आईला मी कायमची माझ्याकडे नेत होते. बाबा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच होती. सिरिंजवरच्या बारीक रेघा तिला दिसत नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं बाबाच तिला टोचायचे. ते गेल्यावर शेजारच्या नर्सबाई येऊ लागल्या. यायला आईनं एकच अट घातली.

"तुला टोचायला जमलं तर राहीन. नाहीतर मला परत आणून सोडायचं. तुझ्या गावात दारोदार नर्स शोधत फिरायची नाही मी!"

आता अडचण अशी, की सुई पाहिली की माझे डोळे आपोआप मिटतात. नर्सबाई म्हणाल्या, "आधी संत्र्यावर हात बसवा. साल माणसाच्या कातडीसारखीच लागते." मग मी संत्र्यांना पाणी टोचत सुटले. संत्र्यांची काही तक्रार नव्हती. हात बसला, असं मी जाहीर केलं.

तपासणीच्या यंत्रात आमची बॅग गेली आणि पट्टा थांबला.

"सिरिंजा कुणाच्या?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"आईच्या. हे औषध, हे पत्र." मी हसले. तयारी असावी तर अशी!

"ठीक. आणि ही संत्री?"

संत्री? मी आईकडे पाहिलं.

"मी ठेवली," आई म्हणाली. "साखर उतरली तर खायला. टाकून द्यायची होती का? इतकं सोसलंय बिचाऱ्यांनी!"

बाईंनी एक संत्रं उचलून डोळ्यांजवळ नेलं. "याला भोकं आहेत." मग त्यांनी ते दाबलं. नको तिथे दाबलं. चारी दिशांनी कारंजं उडालं आणि त्यांच्या इस्त्रीच्या गणवेशावर ठिपक्यांची नक्षी उमटली.

"काय भरलंय यात?"

"पाणी."

"संत्र्यात पाणी?"

"सरावासाठी."

"कसला सराव?"

"मला टोचायचा," आई माझ्या मदतीला धावली. "आधी संत्री, मग मी!"

आमच्यामागची रांग आपोआप चार पावलं मागे सरकली. एक गृहस्थ काढलेले बूट छातीशी धरून दूर जाऊन उभे राहिले. मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी पत्र पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडाकडे धरून पाहिलं.

"यात संत्र्यांचा उल्लेख नाही."

"डॉक्टरांना कुठे ठाऊक होतं!" मी म्हणाले.

"साहेब, खाऊन दाखवू का एक?" आईनं विचारलं.

"कशालाही हात लावू नका!"

प्रत्येक संत्र्याची साल कागदाच्या पट्टीनं पुसून पट्टी वेगळ्या यंत्रात गेली. यंत्राला आक्षेपार्ह काही सापडेना. अखेर साहेबांनी निकाल दिला, "यांना जाऊ द्या. संत्री इथेच राहतील."

"राहू देत," आई म्हणाली. "पण धुऊन खा हं!"

एवढं होईपर्यंत तिची सकाळच्या जेवणाची वेळ झाली होती. जेवायचं म्हणजे आधी टोचायचं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तपासनीस बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी संत्र्यांकडे पाहिलं.

बाईंनी आम्हाला अंगझडतीच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढला. आत एक खुर्ची, एक टेबल, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूब. मी औषध मोजून भरलं. आईच्या पोटाला हात लावला.

"सैल सोड ना."

"सोडलंय."

"फळी झालीय नुसती!"

"माझ्या पोटाला नावं ठेवू नकोस, आधी तू डोळे उघड. मिटून कुठे टोचणार आहेस?"

मी सुई मागे घेतली. मला परतीचं तिकीट दिसायला लागलं.

"काकू, आधी कोण टोचायचं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"हे टोचायचे. त्यांचं मला कधी कळलंच नाही. कळेल कसं! नेमकं त्याच वेळी भांडण उकरून काढायचे. रोज सकाळी, तेच भांडण! एकदा आम्ही गावाला निघालो होतो. गॅस चालू राहिल्याची शंका आली म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो, गाडी चुकली. मी फाटकाशीच थांबले. हे आत जाऊन आले आणि म्हणाले, 'चालूच होता!' मी बंद केला होता, शपथेवर सांगते. पण सुई हातात घेतली की यांचं सुरू, त्या दिवशी गॅस..."

आई बोलता बोलता थांबली.

इतकी वर्षं मी ते भांडण शेजारच्या खोलीतून ऐकत आले होते. या दोघांचं पटत नाही, असं माझं ठाम मत होतं. आईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तपासनीस बाई भिंतीवरची सूचना फार लक्षपूर्वक वाचू लागल्या.

मी सुई पुन्हा पुढे आणली.

"पण आई, खरं सांगू? त्या दिवशी गॅस तूच चालू ठेवला होतास."

"काय? तूसुद्धा? ह्या हातांनी बंद केला होता मी! दोनदा बघितला होता! बापाची लेक ती बापाचीच, आईवर विश्वास म्हणून नाही... आणि तोंड काय बघतेस? टोच आता!"

"झालं टोचून."

बाईंनी टाळी वाजवली आणि लगेच हात पाठीमागे घेतले. "पण काकू, गॅस खरंच कुणी..."

"तू गप्प बस गं!"

विमानात आईनं डबा संपवला, खिडकीतून ढग पाहिले आणि एकदम माझं मनगट धरलं.

"अगं, आज निघताना गॅस बंद केलास ना?"

"मी? शेवटी स्वयंपाकघरात तू होतीस!"

"मी संत्री भरत होते!"

उतरेपर्यंत आम्ही भांडलो. हवाई सुंदरी न मागता दोनदा पाणी देऊन गेली.

खाली पाय टेकताच मी नर्सबाईंना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडे होती. त्या घरात जाऊन पाहून आल्या. "बंद आहे हो, अगदी घट्ट बंद!"

गाडी चुकली त्या दिवशीही घरात बाबा एकटेच शिरले होते.

"काय म्हणाल्या?" आईनं विचारलं.

मी फोन पर्समध्ये ठेवला.

"चालूच होता," मी म्हणाले.

काय करणार! उद्या सकाळी पुन्हा टोचायचं होतं.