भोकं पडलेले शिंपले

नुसता शंख पाहून आतला प्राणी काय खातो ते आपण सांगू शकतो, असं मत्स्यालयाचे उपप्रमुख छातीठोकपणे सांगायचे. तेही समोरच्याला बसवून. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव शंखोबा पडलं होतं, आणि ते येताना दिसले की भल्याभल्यांना तातडीची कामं आठवायची.

शिंपल्यांच्या नव्या टाकीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि काचेवर शेवाळ माजलं होतं. संचालिकाबाई म्हणाल्या, घासायला माणूस बोलवा. शंखोबा हसले. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडू, काच आपोआप लख्ख होईल, असं म्हणत ते पँट दुमडून किनाऱ्यावर गेले आणि बादलीभर गोगलगायी घेऊन आले.

काच हिरवीच राहिली. शिंपले मात्र पटापट मरू लागले. प्रत्येकाच्या कवचाला एक गोल, सुबक भोक! बाईंनी चौकशी समिती नेमली आणि अध्यक्ष अर्थातच शंखोबांना केलं. शंखोबांनी लगेच सुताराला धरलं. तो टाकीशेजारी फळ्या बसवत होता आणि त्याच्याकडे ड्रिल होतं. मी शिंपल्यांना कशाला भोकं पाडू, असं तो म्हणाला. अध्यक्षांना हे उत्तर उडवाउडवीचं वाटलं. सुताराचं काम बंद झालं.

पुरावा म्हणून शंखोबांनी टाकीतून एक शिंपला उचलला, तर त्याला चिकटून गोगलगायही वर आली. ओढून काढली, तर खाली अर्धवट कोरलेलं भोक. त्यांनी शंख उलटा करून पाहिला आणि ओल्या फरशीवर मटकन बसले.

गप्प राहिलो तर कोणाला कळणार, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण सुतार मान खाली घालून हत्यारं पिशवीत भरताना दिसला आणि त्यांना राहवेना. त्याला घेऊनच ते बाईंकडे गेले. भोकं गोगलगायींनी पाडली आणि त्या मीच आणल्या, हे त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मग सवयीनं माहितीही दिली. शेवाळ खाणारीच्या शंखाचं तोंड अखंड गोल असतं. शिकारी गोगलगायीच्या शंखाला तोंडाच्या टोकाशी खाच असते. त्या खाचेतून नळी बाहेर काढून ती शिकारीचा वास घेते.

"मग आणताना खाच दिसली नाही तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"दिसली होती. मला वाटलं, टवके उडालेत."

"सगळ्यांचे? एकाच जागी?"

शंखोबांनी ओली पँट झटकली. "किनारा खडकाळ आहे ना, बाई."