पिंपळखुटे बाबूंचा विषय

कळंबच्या चिंतामणीपुढं हात जोडून माणसं पुष्कळ काही मागतात. आमच्या पिंपळखुटे बाबूंनी मात्र डोळे मिटले आणि साऱ्या गाभाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, ‘‘विषय : उजवा गुडघा, जिना चढताना दुखत असल्याबाबत.’’

बाहेर आल्यावर मी हसले तर म्हणाले, ‘‘काहून हासून राह्यल्या, राठोडबाई? देवाले दिवसाचे किती अर्ज येत असतीन! नुसतं ‘कृपा करा’ म्हटलं तं तो कोणत्या टेबलावर पाठवन?’’

यवतमाळच्या कापूस खरेदीच्या जिल्हा कचेरीत ते हेडक्लार्क आणि मी शेजारच्या टेबलावर. कापसाच्या पडत्या वर्षांत कचेरीत ई-मेल आला आणि बाबूंना जन्माचं काम मिळालं. खरेदी केंद्रांवरून येणाऱ्या प्रत्येक मेलचा विषय ‘माहितीबाबत’, नाहीतर ‘अर्जंट’. एकानं ‘अर्जंट अर्जंट’ लिहिलं, तर बाबूंनी त्याला फोनच लावला. ‘‘एका अर्जंटनं भागत नव्हतं म्हणून जोडीनं पाठवले का जी? विषय म्हंजे दारावरची पाटी. पाटीवर नुसतं ‘घर’ लिहिलं, तं पोस्टमननं काय करावं?’’

‘गोदामाबाबत’ असा मेल त्यांच्या हातून साहेबांकडे जायचा तो असा होऊन : ‘लोहाऱ्याच्या गोदामात जागा संपली, उद्याच्या गाड्या कुठं उतरवायच्या?’

‘‘सरकारी विषयात प्रश्नचिन्ह?’’ साहेब वैतागायचे.

‘‘उत्तर पायजे असन तं प्रश्नच विचारा लागते, सर.’’

एकदा बाबू आमच्या तांड्यावर जेवायला आले. आई गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, त्यांच्याशी कितीतरी वेळ बोलत होती. शेत, सून, म्हैस, सगळं. बाबूंनी अदबीनं ऐकून घेतलं आणि हळूच मला विचारलं, ‘‘विषय?’’

‘‘आणखी एक भाकर घ्या म्हणते.’’

‘‘मंग हे पह्यल्या ओळीत पायजे होतं!’’

मारेगावचे केंद्रप्रमुख जांभुळकर त्यांचे खास वैरी. बाबूंना चिडवायला ते मुद्दाम ‘विषय : विषय’ असं लिहून पाठवायचे. ऐन हंगामात एका दुपारी त्यांचा मेल आला, ‘माहितीबाबत’. आता फोनवर भांडण होणार म्हणून आम्ही कान टवकारले. पण बाबू वाचतच राहिले. कापसाच्या आकड्यांखाली, अगदी तळाशी, एक ओळ होती : पत्नीचं नागपूरला ऑपरेशन ठरलं आहे, बदली माणूस मिळाल्यास रजा मिळावी.

बाबूंनी स्वतः विषय लिहिला : ‘जांभुळकरांच्या पत्नीचं ऑपरेशन; मारेगावला आजच माणूस पाठवा’. कागद छापून ते साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभेच राहिले.

‘‘हंगामात माणूस कुठून आणू?’’

‘‘मी जातो न.’’

आणि गेले.

काही दिवसांनी कागदपत्रं घेऊन मी मारेगावला गेले. फाटकाबाहेर लांबवर गाड्या लागलेल्या, भाव पडलेला, माणसं तापलेली. बाबूंच्या भुवयांतसुद्धा कापूस. एक शेतकरी त्यांच्यावर ओरडत होता.

‘‘विषय बोला भाऊ,’’ बाबू म्हणाले.

‘‘बैलं सकायपासून उपाशी हायेत, हा विषय!’’

‘‘वा! आमच्या कचेरीत एकालेबी असं लिहिता येत नाई,’’ म्हणत बाबूंनी आधी कडब्याची सोय केली, मग गाडी वजनकाट्यावर घेतली.

चहा पिताना मी विचारलं, ‘‘जांभुळकरांसाठी एवढं कायले? ते तं तुम्हाला शिव्या द्यायचे.’’

ते बशीतला कापूस काढत राहिले. ‘‘माही बायको, मालती, दवाखान्यात होती, तवा मीबी अर्ज टाकला होता. ‘रजेबाबत’. साहेब वाईट नव्हते. तसे अर्ज त्यायच्यापुढं लय होते. माहा मंजूर झाला, तवा रजेचं काम उरलं नव्हतं.’’

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून जांभुळकर. ऑपरेशन नीट झालं होतं, बाई शुद्धीवर येऊन चहा मागत होत्या.

‘‘मंग मले काय सांगता जी?’’ बाबू खेकसले. ‘‘डॉक्टरले विचारा आन पाजा तिले! तिथंच बसून राहा. इकडचा काटा मी पाह्यतो.’’

रिसीव्हर ठेवून ते बाहेर गेले. पुढची गाडी कोणाची, एवढंच विचारलं आणि काट्यावर घेण्याआधी तिच्या बैलांपुढं कडबा आहे का ते पाहिलं.