गऊआक्कांची विलायती

गऊआक्का चालतानाही हात दाखवतात. सायकलवरून वळताना दाखवतात ना, तसा. लग्नाच्या मांडवात पंगतीतून उजवीकडे वळायचं असलं तरी त्यांचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ताठ होऊन आडवा बाहेर येतो. मागून बुंदीची बादली घेऊन येणारा वाढपी जागच्या जागी थांबतो आणि मगच आक्का वळतात. एकदा या हाताने एका व्याह्यांचा फेटा उडाला. फेटा उचलून देत आक्का म्हणाल्या, "हात दावला व्हता की म्या! बघून चालावं मान्सानं."

मी मूळचा जिंतूरकडचा. चाकणला कंपनीत नोकरी लागली आणि निघोज्यात आक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. माझं नाव त्यांना चांगलं माहीत आहे, पण त्या ते वापरत नाहीत. "ए वरचा मजला, खाली ये! नळाला पानी आलंय!" अशी सकाळी हाक येते. माझी बायको ही "वरच्या मजल्याची". आम्हाला मुलगी झाली तेव्हा आक्का सगळ्या आळीत सांगत होत्या, "वरच्या मजल्याला पोरगी झाली." नवख्या माणसाला वाटावं की बांधकाम वाढलंय.

आक्का सत्तरीच्या पुढे गेलेल्या. कपाळावर गोंदण, अंगात नऊवारी, आणि बुडाखाली मधल्या दांड्याची, उंच, काळीभोर, पुरुषी इंग्लिश सायकल. नऊवारीत सायकल कशी चालवता, असं माझ्या बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं. आक्कांनी तिच्या साडीकडे दयेने पाहिलं. "पाचवारी म्हंजी बसायचं लुगडं," त्या म्हणाल्या. "नऊवारी म्हंजी चालवायचं." कासोटा खोचला, ओट्यावर एक पाय ठेवून टांग टाकली आणि गेल्या दळण आणायला.

ही सायकल म्हणजे 'विलायती'. आक्कांचे सासरे खडकीच्या छावणीत दूध घालायचे. तिथला एक गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने ती सासऱ्यांना दिली. "साहेब रडला म्हनं सायकल देताना," आक्का सांगतात. "देश सोडताना न्हाई रडला." तिचे ब्रेक तारेचे नाहीत, सळईचे आहेत. चेन अख्खी लोखंडी डब्यात बंद, त्यामुळे लुगड्याला तेलाचा डाग म्हणून नाही. कातडी सीटला आक्का दर रविवारी खोबरेल तेल चोळतात, ते बाळंतिणीच्या बाळाला चोळावं तसं, कानाकोपऱ्यात बोट घालून. दसऱ्याला अंगणातल्या दोन मोठ्या गाड्यांना बाळासाहेब हार घालतात. आक्कांचं हळदीकुंकू फक्त विलायतीला.

कुठल्याही वस्तूची परीक्षा त्या बोटाच्या पेराने ठोकून करतात. मी हौसेने बॅटरीची स्कूटर घेतली. आक्कांनी तिच्या अंगावर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि निकाल दिला, "डबा हाय."

"आक्का, पण पेट्रोल लागत नाही हिला."

"विलायतीला लागतं व्हय?"

मी स्कूटर चार्जिंगला लावली.

आता निघोज्याचा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना वाटेल, या बाई अजून जिवंत कशा? शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बस, टेम्पो, रिक्षा आणि घराएवढे कंटेनर एकमेकांत असे अडकतात की मुंगीने वाट विचारावी. आक्का त्यातून मान वर करून जातात. हात आडवा केला की हरियाणाचा ड्रायव्हरसुद्धा करकचून ब्रेक दाबतो. मी एकदा म्हणालो, "आक्का, जरा कडेने चला हो." तर म्हणाल्या, "ह्या रस्त्याखाली आमचं रान हाय. मी कुनाला बाजू द्यू?"

बाळासाहेब म्हणजे आक्कांचा एकुलता एक मुलगा. पन्नाशीचा, पांढऱ्या कडक कपड्यातला, गळ्यात जाड साखळी, आणि स्वभावाने लोण्यासारखा. जमिनी कंपन्यांत गेल्यावर त्याने ट्रान्सपोर्ट केलं, खडीचा धंदा केला, आणि अलीकडे मेन रोडला 'अस्सल गावरान' नावाचं हॉटेल काढायला घेतलं. त्यासाठी पुण्याहून एक डिझायनर आला. त्याने उखळ, पाटा, बैलगाडीचं चाक अशी जमवाजमव केली आणि एक दिवस घरी चहाला आला असताना त्याला विलायती दिसली. त्याचा चहा कपातच राहिला.

"सर, ही दर्शनी भिंतीवर! वर फोकस लाइट!"

"आक्का देणार नाहीत," मी म्हणालो.

बाळासाहेबाने डिझायनरला दुसरा चहा सांगितला. पण आक्का दोन दिवस बहिणीकडे आळंदीला गेल्या, त्या परत येईपर्यंत विलायती हॉटेलच्या भिंतीवर चढली होती. चार क्लॅम्प, मोठाले स्क्रू, वर पिवळा दिवा.

आक्का हॉटेलात आल्या. मला वाटलं, आता भिंतच खाली येते. पण त्या शांतपणे खुर्ची ओढून तिच्या खाली बसल्या.

"उतरव."

"आई, ऐक ना," बाळासाहेब समोर उकिडवा बसला. "त्या रोडला आता कुनी कुनाचं न्हाई. तू दळनाला गेलीस की घरी येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतोय. तुला काय पायजे ते गाडीतनं आनू. ड्रायव्हर ठिवतो तुझ्यासाठी. पन सायकल नगं."

त्याचे डोळे खरंच भरून आले होते. आक्कांनी ते पाहिलं. त्या उठल्या आणि चालत घरी गेल्या. त्यानंतर सकाळची हाक बंद झाली. नळाला पाणी येऊन जायचं आणि वरच्या मजल्याला पत्ता लागायचा नाही. दळण बाळासाहेबाच्या गाडीतून यायला लागलं. आक्का ओट्यावर बसून असत, रविवारी तेलाची बाटली शेजारी ठेवून.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. फीत कापायला बाळासाहेबाने टीव्हीवरची नटी बोलावली होती, रोज संध्याकाळी मालिकेत सुनेला उपाशी ठेवते ती सासू. मांडव भरला, बँड आला, गुरुजी पाट मांडून बसले. आणि नटीच्या मॅनेजरचा फोन आला. चौकाच्या अलीकडे एक कंटेनर आडवा झाला होता आणि गाडी हलत नव्हती. बाळासाहेबाने पुतण्याला बुलेटवर पिटाळलं. थोड्या वेळाने त्याचाही फोन आला. तोही अडकला होता. बाजूच्या मोकळ्या पट्टीत दुचाक्यांनी दाटी केली होती आणि मागच्या अंगाला पाइपासाठी चर खणलेला होता.

"बाळासाहेब, मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले. बाळासाहेबाच्या कडक शर्टाला घामाने कधीच मरगळ आली होती. पैपाहुणे, भाऊबंद सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. भाऊबंदांपैकी काहींना तर फार बरं वाटत होतं.

बायकांत बसलेल्या आक्का उठल्या. हात आडवा करून गर्दीतून उजवीकडे वळल्या आणि भिंतीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"ए वरचा मजला! स्क्रू काढ."

मी बाळासाहेबाकडे पाहिलं.

"आई, कुठनं जाशील तू?"

"मागनं. बांधानं. चरावर फळी हाय, म्या बघितलीय. बुलेट न्हाई जायाची तिच्यावरनं, विलायती जाईल."

बाळासाहेबाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा गुरुजींकडे. मग स्वतःच मांडवातल्या इलेक्ट्रिशियनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खुर्चीवर चढला. आम्ही दोघांनी मिळून विलायती खाली घेतली. आक्कांनी दोन्ही टायर अंगठ्याने दाबले, कासोटा खोचला आणि मांडवातून, पाहुण्यांच्या मधून, गुरुजींच्या पाटाला वळसा घालून निघून गेल्या.

बँडवाल्याने एक गाणं सुरू केलं आणि कुणी ऐकत नाही बघून बंद केलं. बाळासाहेब फाटकात उभा होता, चप्पल न घालता.

आधी घंटी ऐकू आली. मग गोदामाच्या कोपऱ्यावरून एक ताठ हात बाहेर आला, आणि हातामागून आक्का! मागे कॅरिअरवर महाराष्ट्राची सगळ्यात दुष्ट सासू एका अंगाला बसलेली. पैठणी गुडघ्यापर्यंत गोळा केलेली, सँडल हातात, अंबाडा सुटलेला, एका हाताने आक्कांच्या कमरेला घट्ट मिठी, आणि खदाखदा हसत होती. कंटेनरमागे अडकलेले ड्रायव्हर खाली उतरून त्यांच्या मागे मागे चालत आले होते. बँडवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही. लोकांनी खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारल्या. मघाशी बरं वाटणाऱ्या भाऊबंदांनीसुद्धा मारल्या.

मुहूर्त सापडला. नटीने कात्री घेतली आणि आक्कांच्या हातात ठेवली. आक्कांनी आधी ती पेराने ठोकून पाहिली, मग फीत कापली.

नंतर नटी माइकवर बोलायला उभी राहिली. "या आजींनी मला बघितल्याबरोबर पहिला प्रश्न काय विचारला? 'सुनंला जेवू का घालीत न्हाईस?' मी म्हटलं, आजी, ते लिहिलेलं असतं. तर म्हणाल्या, 'लिवनाराला माझ्याकडं धाड.'" मांडव हसून हसून आडवा झाला. "आणि वाटेत मला सगळा रस्ता दाखवला. इथं हरभरा, इथं चिंच, ही इहीर, हितं पाय आवर, बाभूळ हाय. मी बघते तर काय, सगळी पत्र्याची गोदामं!"

लोक पुन्हा हसले. बाळासाहेब तेवढा हसला नाही.

संध्याकाळी पाहुणे पांगले. रिकाम्या क्लॅम्पमध्ये डिझायनरने बैलगाडीचं चाक अडकवलं आणि तेही बरं दिसत होतं. आक्का हॉटेलच्या मागच्या अंगणात विलायतीच्या चाकाला लागलेला चिखल पुसत होत्या. मी फडकं ओलं करून दिलं आणि सहज विचारलं, "आक्का, हरभरा कुठला हो?"

त्या जरा लाजल्या. "मागं कुनी बसलं की त्वांड आपसूक सुरू व्हतं बग. सवय."

"कसली?"

"मालकांची नजर गेली ना साखरंनं. घरात बसून झुरायला लागले. मग म्या सायकल शिकले. त्या वयात लई पडले, हसं झालं गावात. पन रोज दुपारी त्यास्नी मागं घेऊन रानातनं फिरवायची आन् काय काय हाय ते सांगायची." त्या फडकं पिळत राहिल्या. "मग रान गेलं. पत्रं उभं राह्यलं. त्यास्नी कसं सांगू? म्हनून मी आपली सांगतच राह्यले. हरभरा हाय, चिंच हाय."

"त्यांना कळलं नाही?"

"भोंगा वाजायचा की कंपनीचा. वास यायचा. कळत नसंल व्हय? पन कधी म्हनलं न्हाईत. उलट इचारायचे, हरभऱ्याला घाटं धरलं का गं? मी म्हनायची, धरलं." त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला. "ते गेल्यापास्नं मागं कुनी बसलंच न्हाई. रिकामी सायकल लई उड्या मारती, वरचा मजला. वजन असलं की बरं असतं."

मागे पावलं वाजली. बाळासाहेब कधीचा दारात उभा होता, कोण जाणे. तो आला, साखळी शर्टात टाकली आणि कॅरिअरवर एका अंगाला बसला. विलायती खालपर्यंत दबली.

"घरी सोड, आई."

"जड झालायस रं," आक्का म्हणाल्या. पण टांग टाकली. सायकल दोनदा डुलली, मी मागून धरली, मग ती सरळ झाली आणि बांधाच्या वाटेला लागली. गोदामांच्या भिंतींवर अजून उजेड होता. मीही मागे चालत होतो. शेवटी बाळासाहेबच म्हणाला, "आई, इहिरीला पानी हाय का गं?"

पायडल दोन फेरे फिरलं.

"हाय की," आक्का म्हणाल्या. "तुडुंब हाय."